कपाटातलं उभं काडतूस

सोमवारी सकाळी ऑरिन स्टाउफर अल्मा रुस्नाकच्या ऑफिसात आला, टोपी न काढताच खुर्चीत बसला आणि किराणा दुकानाचं एक कार्ड त्याने टेबलावर टाकलं.

"पन्नास डॉलर," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या रायफलची ही किंमत झाली, बघा."

वॉल्ट पेकारने त्याच्यापुढे कॉफी सरकवली. वॉल्टने या गावात एकतीस वर्षं टपाल वाटलं होतं. निवृत्तीनंतर घरात बसून आपलं डोकं खाण्यापेक्षा याने अल्माची गाडी चालवावी, हे त्याच्या बायकोने परस्पर ठरवून टाकलं होतं. खाजगी तपासाच्या धंद्यात आपली बुद्धी फारशी लागत नाही हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं, पण अल्माच्या गाडीचं हीटर चांगलं होतं.

"सुरुवातीपासून सांगा," अल्मा म्हणाली.

शनिवारी अग्निशमन केंद्राच्या आवारात पोलिसांनी लोकांकडून नको असलेल्या बंदुका मोडीत काढायला जमा करून घेतल्या होत्या. बंदूक द्या, किराण्याचं कार्ड न्या, नाव-गाव कोणी विचारणार नाही. रविवारी ऑरिन चर्चमधून घरी आला आणि त्याने बंदुकांचं कपाट उघडलं. शुक्रवारी तिथे असलेली रायफल गायब होती, आणि तिच्या जागी हे कार्ड.

"किल्ली कुठे असते?"

"पिठाच्या डब्यामागे. माझ्या मुलीला, जनीनला माहीत आहे, डेल क्रॉमरला माहीत आहे. घराला कुलूप मी कधी लावत नाही." ऑरिनने कप उचललाच नाही. "जनीन शनिवारी तिथे कॉफी वाटत होती. तिनेच दिली. येत्या शुक्रवारी भंगारवाल्याच्या करवतीखाली जाणार आहे रायफल. त्याआधी परत आणा. आणि जनीनने दिली असेल तर तिने माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही. बायको गेली, रुथ, ही एक मुलगी उरली होती. आता तीही नको."

हे तो अगदी थंडपणे म्हणाला.

ऑरिनचं घर चकचकीत होतं. मार्चमध्ये बायको गेलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं घर इतकं आवरलेलं वॉल्टने पाहिलं नव्हतं. दाराशी कुत्र्याचा पट्टा टांगलेला होता, खाली धुऊन पालथं घातलेलं भांडं.

"टिली कुठे आहे?" त्याने विचारलं. टपाल टाकताना ही बीगल कुत्री रोज त्याची पँट हुंगायची.

"दिली नदीकाठच्या शेतावर. लेकरंबाळं आहेत त्यांच्याकडे. मजेत राहील."

कपाटात तीन खाचा होत्या आणि तिन्ही रिकाम्या.

"दोन बंदुका सप्टेंबरातच भाच्यांना दिल्या," ऑरिन म्हणाला. "बापाची तेवढी ठेवली होती."

वरच्या फळीवर काडतुसांचा नवा खोका होता. अल्माने तो उघडला. वीस खाचा, एकोणीस काडतुसं. विसावं खोक्याशेजारी, टोक वर करून, फळीवर नीट उभं होतं.

"हे बाहेर कसं?"

"पडलं असेल खोक्यातून."

"पडून उभं राहिलं?"

ऑरिनने खांदे उडवले. अल्माने पुढे ताणलं नाही. "यंदा शिकारीचा परवाना काढलात?"

"नाही. थंडी सोसत नाही आता."

"मी तर ऑगस्टातच काढला," वॉल्ट म्हणाला. त्याचं कोणी ऐकलं नाही.

पोलीस ठाण्यात सार्जंट लोर्ना टीट्स डोनट खात होती. "जमा बंदुकांची पिंपं सील झाली, अल्मा. कोर्टाचा कागद आण, तर उघडते. आणि कोणी काय दिलं ते मला विचारू नकोस. माणूस गाडीतून उतरत नाही, डिकी उघडतो, आम्ही बंदूक काढून घेतो. आम्ही चेहरेसुद्धा बघत नाही."

"दर काय होता?"

"पिस्तूल दोनशे. लांब नळीची शंभर. चालत नसेल तर पन्नास." तिने बोटं पुसली. "लोक हसतात आम्हाला. म्हणतात, चोर काय रांगेत उभे राहणार आहेत? नसतील. पण एक म्हातारी आली होती, नवऱ्याचं पिस्तूल चार वर्षं उशाच्या कपाटात. मी ते घेतलं तर बाई गाडीत बसून रडली. तेवढं मला पुरे आहे."

जनीन शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं लावत होती. वॉल्टला वाटलं होतं ती चिडेल. ती खाली बसली.

"मी नाही दिली. मला बंदुका आवडत नाहीत, लपवत नाही मी. पण बाबांची रायफल? ती धरायची कुठून हेही मला ठाऊक नाही. मी तर तिच्या आसपाससुद्धा फिरकत नाही." तिने डोळे पुसले. "ते माझा फोन घेत नाहीयेत, अल्मा. आई गेल्यापासून रविवारी जेवायला येतात, तेवढंच. तेही गेलं."

गाडीत बसल्यावर वॉल्ट म्हणाला, "हिनेच दिली. रडणारी माणसं मी दारोदार पाहिलीत."

"तू एकतीस वर्षं वीजबिलं वाटलीस, वॉल्ट. रडणारच."

डेल क्रॉमर आपल्या ओसरीवर लाकडं रचत होता. शाळेपासूनचा ऑरिनचा दोस्त. शनिवारी नऊ ते बारा तो अग्निशमन केंद्राबाहेर फूटपाथवर पाटी घेऊन उभा होता: 'पोलिसांपेक्षा जास्त देईन'.

"चांगल्या बंदुका वाचवायला," तो म्हणाला. "गेल्या साली त्यांनी एक दुनळी कापली, अशी की मी तिच्यासाठी गाडी विकली असती. सरकारला लोखंड आणि कलाकुसर यातला फरक कळत नाही."

"बारानंतर?"

"घरी आलो. ते दोनपर्यंत होते तिथे." त्याने ओंडका ठेवला आणि पुन्हा उचलला. "ऑरिन कसा आहे? जेवतो का?"

दाराच्या वर लाकडी खुंट्या होत्या, दोन. त्यांच्यामधल्या फळ्यांवर बंदुकीच्या आकाराचा फिकट पट्टा उमटला होता. तिथे डेलची घोडा मोडलेली एकनळी असायची. वॉल्टला ती कधीची ओळखीची.

"साफ करायला काढलीस का रे?" त्याने विचारलं.

"हां," डेल म्हणाला.

बुधवारी दुपारी अल्माने सगळ्यांना ऑरिनच्या स्वयंपाकघरात बसवलं. जनीन सगळ्यात लांबच्या खुर्चीत बसली. बापाने तिच्याकडे पाहिलं नाही.

"रायफल पोलिसांच्या पिंपात नाही," अल्मा म्हणाली. "ती कधी गेलीच नाही तिथे. ती चालणारी रायफल, म्हणजे शंभरचं कार्ड मिळालं असतं. हे कार्ड पन्नासचं आहे. कोणीतरी मोडकी बंदूक देऊन हे मिळवलं आणि इथे ठेवलं, म्हणजे ऑरिन, तुम्ही शोध सोडून द्याल. आणि डेल, तुमच्या दारावरची मोडकी बंदूक आता तिथे नाही. पाटी मिटलीत आणि दोनच्या आत स्वतः रांगेत लागलात."

वॉल्टने आ वासला. "तू? पोलिसांना बंदूक दिलीस?"

"गाव हसेल आता," डेल पुटपुटला.

"पण मला आधी काडतुसाने सांगितलं," अल्मा म्हणाली. "बंदुकीत वाढलेला माणूस बंदूक हातात आली की पहिलं काय करतो, वॉल्ट?"

"मागचा खटका, बोल्ट, ओढून नळी उघडतो. आत काही आहे का बघतो." वॉल्टला विचार करावा लागला नाही. "आपोआप होतं ते."

"जनीनला रायफल धरता येत नाही. चोराला मात्र सवय होती. त्याने रविवारी, ऑरिन चर्चमध्ये असताना, बोल्ट ओढला आणि आतून काडतूस निघालं. शिकाऱ्याला काडतूस फेकवत नाही, म्हणून त्याने ते उभं करून ठेवलं. तीच त्याची चूक."

वॉल्ट थांबला. त्याला बंदूक चालवायला ऑरिननेच पंचेचाळीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं, अग्निशमन केंद्राच्याच वरच्या खोलीत. घरात भरलेली बंदूक ठेवतो तो गाढव. गावातल्या निम्म्या शिकाऱ्यांना हे वाक्य पाठ होतं.

"पण मग ती भरली कोणी?" तो म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला कळलं. पालथं भांडं. भाच्यांच्या बंदुका. न काढलेला परवाना. नवा खोका, त्यातलं एकच काडतूस भरलेलं, आणि ते हरणासाठी नव्हतं.

जनीनने तोंडावर हात धरला.

"हे मी तुम्हाला एकट्याला सांगणार होते, ऑरिन," अल्मा हळू म्हणाली. "पण एकटं राहूनच इथवर आलात. म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं."

ऑरिन टेबलाकडे बघत होता. तो म्हणाला, "बोलायचं होतंस, डेल्या."

"काय बोलणार होतो?" डेल म्हणाला. "साठ वर्षं आपण हरणं आणि हवा यावरच बोललो. टिलीला दिलीस तेव्हाच मला शंका आली होती. बोल्ट ओढला आणि ते बाहेर आलं. मी इथे जमिनीवर बसलो, ऑरिन. माझ्या तिजोरीत आहे ती. मारायचं तर मार मला, पण आत्ता देणार नाही."

जनीन उठली आणि बापाच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिली. त्याने तिचा हात धरला. आधी नुसता धरला, मग घट्ट.

"तुझ्यावर आळ घेतला मी," तो म्हणाला.

"घ्या हो, बाबा. काय वाट्टेल तो घ्या. उद्या डॉक्टरकडे जायचं आपण. मी येते बरोबर."

"बरं."

वॉल्टला कुठे बघावं कळेना. तो दाराशी गेला आणि तिथला कुत्र्याचा पट्टा हातात घेऊन उभा राहिला. नदीकाठचं ते शेत त्याच्या जुन्या टपालाच्या वाटेवरच होतं. "वीस मिनिटं लागतील," तो म्हणाला. "मी बोलतो त्या लोकांशी. तुम्ही हो म्हणा फक्त."

ऑरिनने डोळे मिटून मान हलवली. मग त्याने टेबलावरचं पन्नास डॉलरचं कार्ड उचललं आणि डेलपुढे धरलं.

"तुझंच आहे हे. जा वॉल्टबरोबर," तो म्हणाला. "आणि येताना टिलीचं खाणं आण. घरात काहीच ठेवलं नाहीये मी."