अंगण खरंच वाकडं!

“आजपासून जगातले सगळे खेळ जुने झाले!” ताई स्टुलावर उभी राहून गरजली. “क्रिकेट जुनं, कॅरम जुना, बुद्धिबळाचं तर नावच काढू नका! येणाऱ्या पिढ्या एकच खेळ खेळतील, आणि तो या सुतारखोलीत जन्मला असं आपल्या नातवंडांना सांगतील. पहिली ऐतिहासिक चकती सुटत आहे!”

ती खाली उतरली आणि तिनं चकती सोडली. ऐतिहासिक चकती सुसाट निघाली. अर्ध्या वाटेत तिला काय आठवलं कोण जाणे, ती डावीकडे वळली, काठावरून पडली आणि मामाच्या पॉलिशच्या डब्यात गेली.

डुबुक!

“येणाऱ्या पिढ्यांना आधी पोहायला शिकवावं लागेल,” घोरपड्या म्हणाला.

ताई आणि भिंगरी या दोघी बहिणी सुट्टीत मामाकडे आल्या होत्या. ताई तेरा वर्षांची. तिला नियम करायची भारी हौस, विशेषतः दुसऱ्यांसाठी. भिंगरी दहा वर्षांची. ती स्थिर बसलेली तिच्या आईनंसुद्धा फक्त फोटोत पाहिली होती, आणि तो फोटोही हललेला होता. घोरपड्या हा मामाचा मुलगा. तो एखाद्या प्रश्नाला चिकटला की प्रश्न सुटायचा, पण घोरपड्या सुटायचा नाही. म्हणून हे नाव.

मामा सुतार होता. वसाहतीच्या हॉलमागची खोली त्याच्याकडे होती. हॉलमधलं फर्निचर त्यानं सांभाळायचं आणि त्याबदल्यात खोली वापरायची, असं कधीचं ठरलेलं होतं. खोलीत लाकडाचा भुसा, सरसाचा वास आणि मामाचा स्वतःबद्दलचा आदर, या तिन्ही गोष्टी भरपूर होत्या.

खेळाचं मैदान म्हणजे एक जुनं दार. फळ्या कापताना खाली ठेवतात त्या लाकडी घोड्यांवर ते आडवं टाकलं होतं. दाराच्या टोकाला खडूनं आखलेलं अर्धगोल ‘घर’. मध्ये कडीचं भोक होतं, ती ‘विहीर’. तळहातानं ढकलून चकती सरकवायची. घरात थांबली तर गुण, विहिरीत पडली तर मेली, आणि घरामागच्या काठावर लटकली तर दुप्पट गुण.

“लटकली आणि तेवढ्यात कुणी शिंकलं तर?” भिंगरीनं विचारलं.

“शिंकणाऱ्याचा डाव बाद!” ताईकडे कायदा तयारच होता.

रविवारी वसाहतीची सभा होती. सभेनंतर हा खेळ सगळ्यांना दाखवायचा होता. पण प्रत्येक चकती डावीकडेच पळायची! हळू सोडा, जोरात सोडा, पावडर टाका, फुंकर मारा, ती आपली डावीकडे.

“मामा, तुझं दार वाकडं आहे,” भिंगरी म्हणाली.

मामाचा रंधा थांबला. “काय म्हणालीस? हे दार माझ्या वडिलांनी घडवलंय! यातून कधी चोर आत आला नाही, आणि तुमची चकती बाहेर जाते?”

त्यानं पाणसळ आणून दारावर ठेवली. पाणसळ म्हणजे ती बुडबुड्याची काचनळी. बुडबुडा मधोमध आला की समजावं, लाकूड सपाट. बुडबुडा एका बाजूला जाऊन बसला होता. मामानं खिशातून लाकडाची पाचर काढली आणि घोड्याच्या पायाखाली ठोकली. बुडबुडा मुकाट्यानं मध्ये आला.

“झालं! याला म्हणतात हात!” मामा म्हणाला.

चकत्या सरळ धावू लागल्या. पण दोनेक दिवसांतच त्या पुन्हा डावीकडे! मामानं पाचरीवर पाचर ठोकली. आणखी दोन दिवसांनी पुन्हा तेच.

घोरपड्या चिकटला. “आपण दार फिरवू. हे टोक तिकडे आणि ते टोक इकडे. दार वाकडं असेल तर चकती आता उजवीकडे जायला हवी.”

तिघांनी मिळून दार फिरवलं. भिंगरीनं चकती सोडली. चकती डावीकडेच, बागेकडच्या भिंतीकडे वळली. आधीही ती त्याच भिंतीकडे जात होती!

“दार फिरलं, पण चकतीचं मत काही फिरलं नाही,” घोरपड्या म्हणाला. “म्हणजे वाकडं दार नाही. खालची फरशी वाकडी आहे! आणि रोज जास्त वाकडी होतेय!”

“मामा, तू फरशीवर पाणसळ ठेवून बघितलीस?” ताईनं विचारलं.

“फरशीवर?” मामा असा दचकला, जणू त्याला कुणी दुसऱ्याच्या घरात शिरायला सांगितलं होतं. “फरशी हे गवंड्याचं खातं! मी लाकडाचा माणूस. टेबल हललं की पाचर मारतो, टेबल सरळ होतं. खालची जमीन ज्याची त्यानं बघावी.”

इतकी वर्षं मामानं पाणसळ फक्त लाकडावर ठेवली होती. आणि गवंड्याला कुणी बोलावलंच नव्हतं, कारण टेबलं तर सरळ होती!

एवढ्यात दारात सेक्रेटरीकाका उभे राहिले. हातात रबरी नळी, शर्टाच्या खिशाला गुलाब. वसाहतीचा हॉल आणि हॉलची बाग त्यांच्या ताब्यात होती. त्यातली बाग त्यांना आवडायची.

“फरशी वाकडी?” ते हसले. “नाचता येईना अंगण वाकडं! पोरांनो, मी स्वतः उन्हात उभं राहून ही फरशी घालून घेतली आहे. गोटी ठेवा, हलणार नाही! हलतात ती तुमच्या मामाची टेबलं. हॉलमधलं एक टेबल धड नाही. हात गेला तुमचा, सुतारबुवा!”

“सेक्रेटरीसाहेब, अहो...”

“रविवारच्या सभेत मी मांडणार आहे. ही खोली रिकामी करा. माझ्या कुंड्यांना जागा नाही.”

ते गेले. एरवी रंध्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलणारा मामा स्टुलावर टेकला. त्यानं रंधा उचलला, परत खाली ठेवला आणि खिडकीतून बघत बसला. बारीकसारीक हत्यारं फडक्यात गुंडाळायला त्यानं संध्याकाळीच सुरुवात केली.

“हे काही खरं नाही,” भिंगरी कुजबुजली. आणि काय आश्चर्य, कुजबुजताना ती स्थिर उभी होती!

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं हॉलमध्ये शिरली आणि पालथी पडून टेबलांखाली बघू लागली. पुस्तकांचं कपाट, टेबल टेनिसचं टेबल, बाक, बागेकडच्या बाजूनं सगळ्यांच्या पायांखाली मामाच्या पाचरी! जणू सगळं फर्निचर एकाच पायात उंच टाचेची चप्पल घालून उभं होतं.

घोरपड्यानं खिशातून लाकडी चेंडू काढला आणि फरशीवर ठेवला. ढकलला नाही, नुसता ठेवला. चेंडूनं जरा विचार केला आणि तो निघाला. हळूहळू, मग जोरात, थेट बागेच्या भिंतीकडे. तिथे कोपऱ्यात छोट्या मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांजवळ सतरंजी अंथरलेली होती. चेंडू सतरंजीला टेकून थांबला.

भिंगरीनं सतरंजी उचलून फरशीवर बोटानं वाजवलं. ढब! ढब! तीच टिचकी तिनं हॉलच्या मध्यावर येऊन मारली. टक! टक!

“खाली पोकळ आहे!” ताईचा चेहरा उतरला. “आणि इथे रोज पोरं बसतात!”

तिनं तिथल्या तिथे नवा नियम केला. “खेळाच्या तयारीसाठी हा कोपरा बंद!” सतरंजी आणि पुस्तकं हॉलच्या पलीकडच्या बाजूला गेली, कोपऱ्याभोवती बाक आडवे झाले. छोट्यांनी कुरकुर केली, तेव्हा त्यांना एकेक चकती देऊन गप्प करण्यात आलं.

मग तिघं बाहेर बागेत गेली. भिंतीला लागून काकांचे गुलाब डोलत होते आणि रबरी नळी भळाभळा वाहत होती.

“एवढं पाणी जातं कुठे?” घोरपड्यानं प्रश्न धरला. “नुसतं मातीत शिरतंय. बाहेर डबकंसुद्धा नाही.”

भिंगरी मात्र भलतीकडेच बघत होती. “ताई, मागच्या सुट्टीत आपण कागदाच्या होड्या कुठे सोडल्या होत्या गं?”

“इथेच. भिंतीजवळच्या नाल्यात.”

“मग नाला कुठाय?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. भिंगरीनं हातानं माती उकरली. थोड्याच खाली नाल्याचा दगडी काठ लागला! बागेची शोभा बिघडते म्हणून काकांनी अख्खा नाला मातीनं भरून त्यावर गुलाब लावले होते. बिचारं पाणी वाट शोधत हॉलखाली शिरलं होतं आणि खालची माती वाहून नेत होतं.

मामाला सांगितलं, तर तो उदास हसला. “खरं असेलही. पण मी बोललो तर ते म्हणतील, खोली वाचवायला सुतार गोष्टी रचतोय. आणि तुम्ही बोललात तर, सुतारानं पोरं पढवली.”

“म्हणजे आपण कुणीच बोलायचं नाही,” ताई म्हणाली आणि तिचे डोळे चमकले. “सेक्रेटरीकाकांनीच बोलायचं!”

रविवारी हॉल भरला. समोर अध्यक्षबाई बसल्या होत्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी नुसता चष्मा सारखा केला तरी मोठी माणसं खिशातून हात बाहेर काढायची.

“सभेआधी आमचा खेळ बघायचा का, बाई?” ताईनं विचारलं. “टेबलावरचा खेळ आता जमिनीवर आणलाय. चकत्यांऐवजी लाकडी चेंडू. आणि पहिला मान सेक्रेटरीकाकांचा!”

“मान” हा शब्द ऐकून काका उठलेच. हॉलच्या दोन टोकांना लाकडी कमानी होत्या, एक बागेच्या भिंतीपाशी आणि एक समोर. पट्टा पोकळ कोपऱ्यापासून चांगला दूर आखला होता. समोर भिंगरी.

“जागा सपाट आहे ना?” अध्यक्षबाईंनी विचारलं. “नाहीतर खेळ अन्यायाचा व्हायचा.”

“गोटी ठेवा, हलणार नाही!” काका सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. “माझी फरशी आहे!”

पहिल्या डावात काका बागेच्या भिंतीकडे चेंडू टाकत होते. चेंडू लोण्यावरून जावा तसा जाई आणि कमानीत शिरे. टाळ्या! भिंगरीचा चेंडू उलट दिशेनं जायचा, वाटेत रेंगाळायचा आणि परत तिच्याचकडे यायचा.

“मनगटात जोर नाही पोरीच्या!” काका हसून हसून लाल झाले. “याला म्हणतात हात! सुतारबुवा, बघताय ना?”

मामा मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

“डाव उलटा!” ताईनं आरोळी ठोकली. “नियमाप्रमाणे आता टोकं बदलायची!”

काकांनी बाह्या सरसावून चेंडू सोडला. चेंडू ऐटीत निघाला, मध्यावर मंदावला, थांबला आणि जड पावलांनी काकांकडे परत आला. हॉलमध्ये खसखस पिकली. काकांनी जोरात टाकला. चेंडू कमानीजवळ जाऊन थांबला आणि पुन्हा परत! पलीकडून भिंगरीनं दोन बोटांनी हलकेच ढकललेला चेंडू मात्र सुळकन कमानीत! पुन्हा सुळकन! भिंगरी जांभई देऊन टाकू लागली, तरी सुळकन!

“मनगटात जोर नाही का हो, काका?” पुढच्या रांगेतला एक चिमुरडा ओरडला.

“जोर? जोराचा काय संबंध!” काकांचा तोल सुटला. “ही लबाडी आहे! मला चढ आणि हिला उतार! अहो, फरशी उताराची आहे! अख्खी फरशी तिकडून इकडे कललीय! आंधळ्यालाही दिसेल! डोळे आहेत की बटणं?”

काकांचा चेंडू सावकाश घरंगळत आला आणि त्यांच्याच बुटाला टेकला.

अध्यक्षबाईंनी चष्मा सारखा केला. “सेक्रेटरी, पुन्हा एकदा सांगता? काय कललीय?”

काकांनी बुटाजवळचा चेंडू उचलला आणि पाठीमागे लपवला.

तेव्हा मागच्या रांगेतून मामा उठला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पाणसळ फरशीवर ठेवली. बुडबुडा पळाला तो टोकालाच जाऊन चिकटला. मग ताईनं टेबलांखालच्या पाचरी दाखवल्या, भिंगरीनं ढब-ढब आणि टक-टक वाजवून दाखवलं, आणि घोरपड्यानं नाला कुठे गेला ते सांगितलं. सभा बाजूला ठेवून गवंड्याला बोलावलं. त्यानं कोपऱ्यातली एक फरशी उचलली आणि “अरे बापरे!” म्हणून तो मागे सरकला. खाली एवढा मोठा खड्डा, की त्यात गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट सहज मावलं असतं.

सतरंजीवर बसणाऱ्या छोट्यांच्या आया एकमेकींकडे बघू लागल्या. एकीनं आपल्या लेकराला जवळ ओढून घेतलं.

“चूक माझी,” सेक्रेटरीकाका शेवटी हळूच म्हणाले. खिशाचा गुलाब त्यांनी काढून हातात धरला होता. “नाला घाण दिसायचा. मला वाटलं, झाकला की संपला.”

“आणि मलाही वाटलं, पाचर मारली की संपलं,” मामा म्हणाला. “मी एकदा खाली बघितलं असतं, तर केव्हाच कळलं असतं.”

नाला मोकळा झाला. गुलाब कुंड्यांत गेले आणि कुंड्या गच्चीवर. खड्डा भरून नवी फरशी बसली. ती बसवताना मामा गवंड्याच्या डोक्याशी पाणसळ घेऊन असा उभा राहिला, की गवंडी तीनदा काम सोडून निघाला होता. सुतारखोली मामाचीच राहिली. फडक्यातली हत्यारं परत भिंतीवर गेली.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी नव्या फरशीवर खेळाचा मोठा सामना झाला. चेंडू सरळ गेले, आणि त्यामुळे सगळ्यांचे नेम किती वाकडे आहेत तेही दिसलं. सेक्रेटरीकाका पहिल्याच फेरीत हरले आणि फरशीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

मग अध्यक्षबाई भाषण करायला मामानं खास घडवलेल्या नव्या खुर्चीतून उठल्या.

“या मुलांनी आपल्याला एक मोठी गोष्ट शिकवली,” त्या म्हणाल्या. “आपण मोठी माणसं डुगडुगणाऱ्या गोष्टीला टेकू देतो आणि खाली बघायचं विसरतो. या तिघांनी खाली बघितलं! आजपासून या हॉलमध्ये टेकू लावून वेळ मारून नेणं बंद! या मुलांचा वसाहतीला अभिमान आहे!”

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. ताईनं मान उंच केली. घोरपड्या कानापर्यंत लाल झाला. भिंगरी गोल गोल फिरत होती. मागे मामा डोळे पुसून म्हणाला, “पोरं कुणाची!”

अध्यक्षबाई खाली बसल्या. बसल्या आणि किंचित कलल्या. मग दुसऱ्या बाजूला कलल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच ताईच्या कानाशी वाकल्या.

“बाळ, तुमच्या त्या चकत्यांपैकी एखादी पातळशी देतेस का? या खुर्चीचा एक पाय हलतोय.”