तिसरा हात

भर मे महिन्यातल्या दुपारी दामिनी कुरडया उलटायला छतावर गेली, तर तिथं एक अनोळखी तरुण उकिडवा बसून जमिनीवर पिस्तूल रोखून होता.

"कोण होय तुम्ही? काय करून राहिले?"

"बासष्ट," तो म्हणाला.

"काय बासष्ट?"

"डिग्री. तापमान मोजून राहिलो… गोळी नाही सुटत याच्यातून." मग त्याची नजर तिच्या पायांकडे गेली. "बाप्पा! चपला कुठं आहेत तुमच्या?"

चपला घाईत खालीच राहिल्या होत्या. दामिनी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागली, तशी त्यानं आपल्या चपला तिच्यापुढे सरकवल्या. मग तो नाचू लागला. दोघंही हसले. नागपूरच्या इतवारीत याहून लहान कारणावरून लोकांची लग्नं ठरली आहेत.

तो उमरेडचा स्वानंद. छतांना पांढरा रंग देण्याचं काम करायचा. या रंगानं ऊन छतात न मुरता परत फिरतं आणि खालची खोली तापत नाही. दामिनीच्या छताखाली तिची आई, शोभाताई, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन दिवसभर साड्यांना फॉल लावत बसायची. तिनं रंगाला लगेच होकार दिला.

"दोन हात देतो," स्वानंद म्हणाला. रंगाऱ्यांच्या बोलीत एक थर म्हणजे एक हात. "फक्त एक करा… वाळेपर्यंत पाणी टाकू नका."

हे त्यानं तीनदा बजावलं. चौथ्यांदाही बजावलं असतं तरी दामिनीनं आवडीनं ऐकलं असतं.

पण मग समोरच्या करिष्माच्या घरचंही काम त्यालाच मिळालं. दामिनीकडे त्याला माठातलं पाणी मिळायचं; करिष्मा कैरीचं पन्हं द्यायची, तेही बर्फ घालून. तो काहीतरी बोलायचा, ती खिदळायची, आणि इकडे कठड्याआड दामिनीच्या पोटात दुखायचं. एवढं काय हसायचं? रंगारी तो रंगारी!

शनिवारी खालच्या मजल्यावरच्या चंपतरावांनी जिन्यातच बातमी दिली. "करिष्माच्या छताले तीन हात दिले म्हणते त्या पोट्ट्यानं."

तीन! दामिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात स्वानंद दुसरा हात संपवून, ब्रश धूत म्हणाला, "झालं तुमचं काम. सोमवारी सावनेरले चाललो… दोन महिने."

तिला रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त येत होता. संध्याकाळी आजूबाजूच्या छतांवर नेहमीसारखं पाणी शिंपडणं सुरू झालं. दामिनीनं बादली भरली, ओल्या रंगाकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून ओतून दिली.

सकाळी चंपतरावांचा आरडाओरडा गल्लीभर ऐकू गेला. छताचं पाणी पडणाऱ्या नळीखाली उभी केलेली त्यांची काळी स्कूटर रात्रीतून गोरी झाली होती.

सामान न्यायला आलेला स्वानंद धावत वर आला. छतावर पांढरे ओघळच ओघळ.

"पाणी तू टाकलं?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला, हे भांडणातही तिच्या लक्षात आलं.

"हो, म्याच टाकलं."

"काहून पण? तुह्या आईच्या डोक्यावरचा तो ओला टॉवेल काढायचा होता मले!"

तिला लाज वाटली. पण पोटातलं ओठांवर आलंच. "तिले तीन हात, न मले दोनच?"

"अवं… तिनंही सवयीनं पाणी टाकलं होतं! तिले सांगायचंच राहून गेलं होतं मले. कामात लक्ष कुठं होतं माहं?"

"कुठं होतं मंग?"

"इथंच… तुह्या कठड्यापाशी. दोन बोटं दिसायची तुही, कान दिसायचा… करिष्मा त्याच्यावरूनच हसायची ना मले!"

दामिनीनं पदर नसताना पदराशी चाळा केला.

ऊन चढायच्या आत त्यानं तिसरा हात दिला. ती बाजूला बसून राहिली. शेवटच्या कोपऱ्यात त्याचा ब्रश थांबला.

"सावनेरहून आलो का… तुह्या आईले तुहा हात मागतो."

"कितवा?"

"एकच. त्याच्यावर दुसरा लागत नाही."

तिनं मान हलवली, आणि खाली शोभाताईंना चहा टाकायला सांगायला म्हणून जी पळाली, ती चहा न सांगताच आरशापुढे जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी पुन्हा चहूकडे बादल्या वाजू लागल्या. समोरून करिष्मानं हाक मारली, "पाणी नाही टाकत का वं आज?"

दामिनीनं जिन्याच्या दारात बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. तिसरा हात वाळेपर्यंत तिनं छतावर चिमणीलाही उतरू दिलं नाही.