मागच्या पंखावरचा चौथा ठिपका

तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला ते एवढंच — "दार लाव आधी."

भिंगरीने दार लावलं आणि वळली. काचघरात दमट, हिरवा वास... आणि झारी धरून उभा असलेला, केसांत पान अडकलेला एक अकरावीतला मुलगा. काचघर तिच्या मावशीचं; सुट्टीत फुलपाखरं सांभाळायला हा यायचा. मावशी त्याला 'प्रोफेसर' म्हणायची.

"शाळेच्या बागेत आम्ही रुई लावलीय," भिंगरी म्हणाली. "मावशी म्हणाली, फुलपाखरांनी अंडी घातलेली पानं मिळतील. मिळाली की मी चालले."

"मिळतील की. जोडी लावावी लागेल."

त्याने दोन केशरी फुलपाखरं रुईच्या रोपासकट जाळीच्या पिंजऱ्यात सोडली.

ती रोज संध्याकाळी अंडी बघायला येऊ लागली. तो या रुईवर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या गमती सांगायचा आणि ती ऐकतच राहायची. पुढचे दोन पाय छातीशी दुमडलेले, म्हणून चालायला चारच. पंख केशरी, पण डोकं-छाती काळी, तिच्यावर पांढरे ठिपके. लहानपणी रुई खाऊन सगळं अंग कडू, म्हणून पक्षी वाटेला जात नाहीत.

"बघ कशी रमतगमत उडतात," तो म्हणाला. "भीतीच नाही कुणाची."

"माझ्यासारखी."

"तू कडू आहेस?"

"वेळ आली की कळेल."

तो हसला, आणि तिच्या काळजाने उगाचच एक गिरकी घेतली.

अंडी मात्र एकही नाही. सोमवारी शाळा उघडणार...

शनिवारी मावशी पिंजऱ्यात डोकावली. "अगं, हे दोघेही नर. मागच्या पंखावर चौथा काळा ठिपका आहे ना, ती त्यांची मादीला भुलवायची अत्तराची कुपी. मादीला तीनच ठिपके. प्रोफेसरला हे झोपेतही कळतं."

मावशी गेली. तो झारी भरून आला.

"दोघेही नर आहेत," भिंगरी म्हणाली.

पाणी त्याच्या बुटावर सांडत राहिलं.

"माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. अंडी मिळाली असती तर तू — पुन्हा कशाला आली असतीस?"

तिला राग यायला हवा होता. पण एवढा हुशार मुलगा आणि एवढा बावळट डाव...

"शहाणाच आहेस. त्या बिचाऱ्यांना कशाला कोंडलंस? नुसतं 'ये' म्हणायचंस."

"आली असतीस?"

"'ये' म्हणून तर बघ."

त्याचे कान लाल झाले. "ये... शाळा उघडल्यावरही."

"दिवसाआड येईन. अभ्यास असतो मला," ती ऐटीत म्हणाली आणि पिंजरा उघडला. "आता मादी शोध."

दोघं शोधू लागली. तीन ठिपकेवाली समोरच्याच फुलावर बसली होती. ती त्याला दिसली, भिंगरीलाही दिसली... पण दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.