ओल्या हिरवळीवर पाऊल

"थांब! तिथेच थांब! आणखी एक पाऊल टाकलंस तर याद राख!"

वडिलांचा गरजलेला आवाज ऐकून थियाने दंताळं टेकवलं आणि वळून पाहिलं. अंगणाच्या ऐन मध्यावर एक उंच माणूस एका पायावर उभा होता. खांद्यावर शिडी, दुसरा पाय हवेत, आणि चेहऱ्यावर दुधाच्या भांड्यापाशी सापडलेल्या मांजराचा भाव.

"मिस्टर लिंडक्विस्ट, मी फक्त शिडी परत द्यायला—"

"शिडी गेली खड्ड्यात! बर्फ आत्ता कुठे वितळलंय, जमीन लोण्यासारखी झालीय. ओल्या हिरवळीवर पाय द्यायचा नसतो, हे तुमच्या ॲरिझोनात कुणी शिकवत नाही?"

"आमच्याकडे अंगणात खडी असते," तो अतिशय नम्रपणे म्हणाला. "खडीवर नाचलं तरी चालतं."

"मग आता नाचत मागे जा. आलास त्याच ठशांवरून!"

आणि तो गेला की! शिडीसकट, उलटा, एकेक पाऊल आपल्याच ठशात नेमकं ठेवत... थियाने ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. दोन घरांमध्ये कुंपण नव्हतंच. जिथे व्हर्नन लिंडक्विस्ट यांचं विंचरल्यासारखं गवत संपून शेजारचं झिपरं गवत सुरू होई, ती हद्द. तिथे पोचल्यावर त्याने थियाकडे पाहिलं.

"तपासून घ्या. एकही ठसा जास्तीचा नाही."

"एक आहे," ती म्हणाली. "तो मधला. ओरडा ऐकून तुम्ही तिथे दोनदा पाय आपटलात."

त्याचे डोळे हसले. राखाडी डोळे... लक्षात राहावेत असे. ते तिच्या लक्षात राहिले, याचा तिला थोडा रागही आला.

"हा एमेट बर्क," वडील तिच्या शेजारी येत कुरकुरले. "पानगळीत राहायला आलाय. मेन स्ट्रीटवर चष्म्याचं दुकान आहे म्हणे. लोकांना दिसायला लावतो, आणि स्वतःच्या अंगणातले डँडेलायन, ती पिवळी रानफुलं, याला दिसत नाहीत!"

"दिसतात की," पलीकडून आवाज आला. "म्हणूनच ठेवलेत."

दर एप्रिलमध्ये एका शनिवारी थिया मिनियापोलिसहून गावी येई. हिवाळ्याने चेपून टाकलेलं गवत बापलेक मिळून दंताळ्याने मोकळं करत. ती कॉलेजात साहित्य शिकवायची. हिरवळ हा माणसाचा सगळ्यात निरुपयोगी अभिमान आहे, असं तिने वडिलांना कितीदा तरी ऐकवलं होतं. पण ऐकवायला ती दरवर्षी यायची. आई गेल्यापासून एक वर्षही चुकलं नव्हतं.

त्या दुपारी वडिलांनी तिला दारासमोरचा उघडा तुकडा दाखवला. म्हातारं एल्मचं झाड मागच्या वर्षी कापावं लागलं होतं. बुंधा काढला तिथे मातीचं टक्कल राहिलं होतं.

"हे एवढं हिरवं झालं की माझं काम संपलं. उद्या राहतेस का? सकाळी बी पेरू."

"डॅड, पेपर तपासायचेत."

"बरं."

ती गाडीत बसली तेव्हा त्यांनी नेहमीसारखं टपावर दोनदा थोपटलं.

"हरणं सांभाळून."

"बरं," ती म्हणाली.

लिंडक्विस्टांच्या घरात निरोप असाच घेतला जाई. संध्याकाळी रस्त्यावर हरणं येतात हे खरंच होतं. पण व्हर्नन हे भर दुपारीही म्हणत, विमानतळावरही म्हणत. आणि तिची गाडी दिसेनाशी होईतो पायरीवर उभे राहत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला फोन आला तो एमेटचा. वडील पुढच्या दाराच्या पायरीवर बसलेले होते. कॉफी शेजारीच होती, पायाशी बियांची पिशवी. एमेटने हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. मग तो अंगण ओलांडून त्यांच्यापाशी गेला होता.

"मी त्यांच्याजवळच बसलोय," तो म्हणाला. "तुम्ही सावकाश या. मी कुठेही जात नाही."

ती पोचली तेव्हा अंगणात ठशांच्या दोन ओळी होत्या. एक शनिवारची, जपून टाकलेली. दुसरी खोल आणि वेडीवाकडी, धावत गेलेल्या माणसाची.

\* \* \*

अंत्यविधी झाला. शेजारणी झाकलेल्या खोलगट भांड्यांत जेवण घेऊन आल्या. बटाट्याचं हॉटडिश, नूडल्सचं हॉटडिश, पुन्हा बटाट्याचं. कॉलेजने तिला रजा दिली. घर विकायचं, हे तिने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. ठरवायला ती कधी घाबरत नसे. घरं विकणारी बाई आली, खोल्या पाहून खूश झाली आणि बाहेर येऊन थबकली.

"सगळं छान आहे हो, पण दारातच हे टक्कल? जूनच्या आत एवढं हिरवं करा. मग बघा, विक्रीची पाटी लावायचा अवकाश!"

म्हणून थियाने वडिलांची बियांची पिशवी उघडली. माती खरवडताना पलीकडून सावली आली. हद्दीवरच थांबली.

"आत येऊ का? जमीन सुकलीय. मी बोटाने दाबून पाहिली."

"या. पण शिकवायला नको, राबायला या."

"शिकवायला मला येतंय काय? खडीला बी लागत नाही."

तो गुडघ्यांवर बसला आणि खरंच राबला. बी हाताने दाबायचं, वर पेंढ्याचा पातळ थर, त्यावर पाण्याचा हलका फवारा... वाकताना तिचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. तिसऱ्यांदा घसरला तेव्हा त्याने खिशातून बोटभर लांबीचा पेचकस काढला.

"इकडे द्या तो. मघापासून बघवत नाहीये मला."

"पेचकस खिशात घेऊन हिंडता?"

"लोक रुमाल घेऊन हिंडतात ना, तसं." त्याने दोन्ही काड्या कसल्या, काचा शर्टाला पुसल्या आणि चष्मा स्वतःच्या हाताने तिच्या डोळ्यांवर चढवला. कानामागे केस अडकले, ते अलगद बाजूला केले... "आता सांग. काय दिसतंय?"

"नाकाला माती लागलेला एक आगाऊ माणूस," ती म्हणाली. "अगदी स्पष्ट."

तो 'सांग' म्हणाला होता. तिनेही मग 'तुम्ही'ला रजा दिली.

त्यानंतर रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो पाणी घालायला येऊ लागला. संध्याकाळी ती घाली. पाणी घालणं किती वेळाचं काम! पण दोघंही तिथे उभी राहत. तो तिला गिऱ्हाइकांच्या गमती सांगे, ती त्याला डॅडच्या. एकदा तो काचा आणायला शहरात निघाला तेव्हा ती सहज बोलून गेली, "हरणं सांभाळून."

तो रात्रीच्या जेवणाला परतला आणि गंभीरपणे म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून सगळा रस्ता डोळ्यांत तेल घालून बघत होतो. एकही नाही. कोल्हा दिसला. चालेल?"

ती इतकी हसली की हातातला चमचा पडला. पण त्या शब्दांचा अर्थ तिने त्याला सांगितला नाही.

\* \* \*

मे अर्धा उलटला. सगळ्या गल्लीची अंगणं पोपटी झाली. टक्कल मात्र तसंच राहिलं. पेंढा कुजला, पाखरं येऊन गेली, पण एक पातं म्हणून वर आलं नाही.

एका रविवारी गवत कापायच्या यंत्राच्या घरघरीने ती बाहेर आली. गावची रीतच आहे. घरचं माणूस गेलं की शेजारी न विचारता हिरवळ कापून जातात. एमेटने रीत पाळली होती. फार मनापासून पाळली होती.

"हे काय केलंस?"

"हिरवळीची दाढी."

"दाढी? मुंडण केलंस मुंडण! एका वेळी वरचा तिसरा हिस्सा कापायचा असतो, त्याहून जास्त नाही! मुळं उन्हाने भाजून निघतील, आणि ओळी तिरक्या हव्यात, तू सरळ काढल्यास—" ती मध्येच थांबली. हा आवाज तिचा नव्हता. हा गरजणारा आवाज तिच्या ओळखीचा होता... आणि तो तिच्या गळ्यात राहायला आला होता.

एमेटने यंत्र बंद केलं. हलकेच म्हणाला, "मग आता मी नाचत मागे जाऊ?"

तिने डोळे मिटून घेतले, आणि हसली. मग टकलापाशी जाऊन बसली.

"उगवत का नाहीये हे? आपण सगळं नीट केलं."

"नीटच केलं. वर मी ते दाणेसुद्धा टाकले."

"कुठले दाणे?"

"गराजमधल्या पिवळ्या पोत्यातले. तुझ्या डॅडनी मला मागच्या पानगळीतच बजावलं होतं. फोर्सिथियाची झुडपं पिवळी झाली की त्याच दिवशी टाकायचे, नाहीतर रानगवत बोकाळतं. झुडपं फुलली तेव्हा तू घराच्या कागदांसाठी वकिलाकडे होतीस. मी म्हटलं, तेवढंच तुझं एक काम कमी... सगळ्या अंगणात पसरले. या तुकड्यावर जरा जास्तच."

थिया उठून गराजमध्ये गेली. आयुष्यभर तिने पुस्तकं वाचली होती. आता पोतं वाचलं. दाणे बी रुजू देत नाहीत, असं त्यावर छापलं होतं. कुठलंही बी. रानगवताचं नि आपलं, असा भेद त्या दाण्यांना कळत नव्हता.

तिने पोतं त्याच्यासमोर धरलं. त्याने वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे मीच..."

"मुद्दाम केलंस?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, पण उत्तर हवं होतं. "घर विकलं जाऊ नये म्हणून?"

"मुद्दाम केलं असतं तर एवढं चांगलं जमलं नसतं मला." त्याने पोतं खाली ठेवलं. "पण खरं सांगू? रोज सकाळी पाणी घालत होतो आणि मनात म्हणत होतो, सावकाश ये रे बाबा, घाई नको. हे उगवलं की तू जाणार. मला तू जायला नको आहेस, थिया. मला तू... फार आवडतेस. नुसती आवडत नाहीस. प्रेम आहे माझं."

पलीकडे कुणाच्या तरी अंगणात फवारा फिरत होता. तिला पुष्कळ काही म्हणायचं होतं. सगळं अगदी ओठांपर्यंत आलं...

"बरं," ती म्हणाली.

\* \* \*

दुसऱ्या दिवशी तो फावडं घेऊन हजर. वरची चार बोटं माती त्याने काढून टाकली, नवी भरली. मग आपल्याच अंगणातून मुळांसकट हिरवळीची गादी कापून आणली आणि गालिचा अंथरावा तशी त्या जागी अंथरली. त्याच्या अंगणात आता तेवढंच टक्कल पडलं.

"एमेट, यात डँडेलायन आहेत."

"आहेत."

"डॅडच्या हिरवळीत! ऐन दारात!"

"वरून शिडी फेकून मारतील. मी तयार आहे."

मेच्या शेवटच्या आठवड्यात ते फुलले. आखीवरेखीव हिरव्या अंगणात, एल्मच्या जागी, लखलखीत पिवळा तुकडा. घरं विकणारी बाई गाडीतूनच हात हलवून गेली. उद्या पाटी येणार होती.

आणि एमेट आजच ॲरिझोनाला निघाला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. येईपर्यंत जून उजाडणार. दुपारपासून पाऊस रिमझिमत होता. त्याने बॅग गाडीत टाकली आणि हद्दीपलीकडून तिच्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. विचारून झालं होतं.

थिया पायरीवर उभी होती. वडील बसले होते त्याच पायरीवर.

"हरणं सांभाळून!" ती ओरडली.

"बरं!" तो म्हणाला, आणि गाडीत बसला.

बरं. एवढंच. ऐकायला किती लहान शब्द! आयुष्यभर तिने तो वडिलांच्या हातावर ठेवला होता, आणि आज पहिल्यांदा तिच्या हातावर कुणी ठेवला. पायरीवर उभं राहून तो कसा ऐकू येतो, हे तिला आज कळलं. मग डॅड तिची गाडी दिसेनाशी होईतो उभे राहायचे ते याचसाठी...

गाडी सुरू झाली. पायवाटेने वळसा पडत होता. थिया थेट हिरवळीत उतरली. ओल्या, लोण्यासारख्या हिरवळीत, टाचा रुतवत, डँडेलायन तुडवत, हद्द ओलांडून. चष्म्यावर थेंब साचले होते, पण कुठे जायचं ते अगदी स्पष्ट दिसत होतं. तिने काचेवर टकटक केलं. काच खाली आली.

"अगं, ओल्यात पाय—"

"राहू दे. ठसे राहू देत. तुला माहितीये, 'हरणं सांभाळून' म्हणजे काय?"

"म्हणजे... रस्त्यावर हरणं येतात?"

"नाही." तिने एक श्वास घेतला. आवाज चांगला खणखणीत निघाला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. लिंडक्विस्टांचाच आवाज तो. "म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. डॅड मला तेच म्हणायचे, दर वेळी. आणि मी नुसतं 'बरं' म्हणायचे." ती वळली. मागे ओल्या गवतात तिची पावलं उमटली होती, त्या पिवळ्या तुकड्यावरून पायरीपर्यंत. ती पायरीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "माझंही होतं, डॅड. माझंही तुमच्यावर फार प्रेम होतं. मला दरवर्षी यायला आवडायचं." मग पुन्हा काचेकडे वाकली. "पाटी लावू देत नाही मी उद्या. तू लवकर ये. आणि आता 'बरं' म्हणालास तर बघ!"