वळलेले पंख सरळ कसे झाले?

"मावशी, या माश्यांचे पंख सरळ आहेत!" भोंगा ओरडला. आवाजावरूनच त्याला हे नाव पडलं होतं.

सुट्टीसाठी तो आणि ताई मावशीकडे आले होते. मावशीच्या प्रयोगशाळेतल्या फळमाश्यांचे पंख पिढ्यान् पिढ्या वर वळलेले असायचे. पण फळीवरच्या नव्या बाटल्यांत एकही पंख वळलेला नव्हता!

"कोणीतरी साध्या माश्या मिसळल्या! दोन वर्षांची मेहनत पाण्यात!" मावशी कडाडली.

"मदतनीस काकू बाटल्या हलवत होत्या. मी पाहिलं," ताई पटकन बोलून गेली.

"मी फक्त फळी पुसली हो. एकही बूच उघडलं नाही," काकू म्हणाल्या. पण मावशीने त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं आणि त्या बाटल्याही ओतून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी भोंगा ती रिकामी फळी पुसत होता. "बापरे! इथे काय बर्फाचा कारखाना आहे?"

ताईने वर पाहिलं. एसीचा झोत थेट फळीवर येत होता. तिने तापमापक ठेवला. अठरा! जुन्या बाटल्यांच्या कपाटात मात्र पंचवीस.

ती वळली. "भोंग्या, काकू खरं बोलत असतील तर?"

मावशीकडून त्यांनी वळलेल्या पंखांच्या माश्या मागून घेतल्या, "बघायला" म्हणून! त्यांची अंडी दोन बाटल्यांत ठेवली. एक बाटली कपाटात, एक फळीवर. कपाटातल्या माश्या दहा दिवसांत बाहेर पडल्या, पंख वळलेले. फळीवरच्यांना तीन आठवडे लागले.

"सरळ! सगळे सरळ!" भोंगा नाचायला लागला. ताई नाचली नाही.

दोन्ही बाटल्या पाहून मावशी खुर्चीत बसली. "वळण त्यांच्या जनुकांत होतंच, गारठ्याने दिसलं नाही एवढंच. उबेत वाढलेली त्यांची पिल्लं पुन्हा तशीच झाली असती. मी शिकलेलं विसरले! आणि तो झोत मीच वळवला होता, मला उकडत होतं म्हणून. शाबास रे पोरांनो."

तिघं तडक काकूंच्या घरी गेली. मावशीने सगळं सांगून हात जोडले, परत यायची विनंती केली.

"नको बाई. धुलाई केंद्रात लागलेय मी आता," काकू म्हणाल्या.

"काकू, चुकलं माझं," ताई पुढे होऊन म्हणाली.

काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "शोध छान लावलास हो. हुशार आहेस. फक्त त्या दिवशी आधी मला विचारायचं होतंस, पोरी."