काकू उठल्या की

काकूंचा कॉम्प्युटर मधूनच बंद पडतो, एवढंच सांगून त्यांच्या मुलीने दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. असली कामं म्हणजे त्याच्या हातचा मळ. पण हे मशीन त्याला पुरून उरलं. रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, धूळ झटकली, तरी कधी दहा मिनिटांत, कधी तासाभराने पडदा काळा.

नुकत्याच वारलेल्या काकांनी काढलेले चाळीस वर्षांचे फोटो त्यात अडकले होते. ते उतरवून घ्यायला सलग पाच तास हवे होते आणि फोटोंशिवाय काकू मुलीकडे राहायला जायला तयार नव्हत्या. खोलीत औषधांचा शिळा वास होता. काका शेवटचं वर्ष इथेच अंथरुणाला खिळून होते.

मशीन बंद पडलं की वेळ आणि तेव्हा काय चाललं होतं ते वहीत टिपायचं, ही दुरुस्तीवाल्याची सवय. दुपारी त्याने वही चाळली आणि शेवटच्या तीन नोंदी पुन्हा वाचल्या.

‘११.१०, काकू पाणी आणायला गेल्या. ११.४५, काकू फोन घ्यायला उठल्या. १२.५०, काकू दाराशी.’

खुर्चीखाली वायर दबत असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. वाकून पाहिलं. खुर्चीखाली वायर नव्हतीच.

“काकू... तुम्ही उठलात की हे बंद पडतं.”

“माहीत आहे रे.” काकूंनी पडद्यावरची नजर हलवली नाही. “आजारपणातही त्यांचं असंच. मी जरा उठले की जीव घाबरा व्हायचा... दोन महिने झाले, या खुर्चीतच डुलकी काढतेय.”

त्यांचे खोल गेलेले डोळे पाहून दुरुस्तीवाल्याला गलबलून आलं. भुताखेतांवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. आजारी मशीन दुकानात न्यायचं आणि त्याच्यासमोर ठाण मांडायचं, ही धंद्याची रीतच होती.

“तुम्ही निर्धास्त जा, काकू. मी बसतो ना याच्याजवळ.”

काकू भीत भीत उठल्या. दारापर्यंत गेल्या. मशीन चालूच राहिलं. मागे वळून न पाहता त्या मुलीच्या गाडीत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकानात काम सुरू केलं. पाच तास मशीन एकदाही अडखळलं नाही. शेवटचा फोटो उतरला तेव्हा त्याने हुश्श केलं, बसल्या बसल्याच प्लग उपटला आणि जेवायला घरी जाण्यासाठी उठला.

काउंटरवरचा त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर काळा झाला.

तो खाली बसला. पडदा आपोआप उजळला. त्याने तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच झालं.

तेवढ्यात फोन वाजला. काकू होत्या, आवाज अगदी टवटवीत.

“काल किती दिवसांनी गाढ झोपले रे!”

“काकू, फोटो झाले... तुमचं मशीन घेऊन जा. आजच्या आज.”



“तू बसतो म्हणालास ना,” काकू हळूच म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

घरी बायको जेवायची थांबली होती. दुकानाचं दार चार पावलांवर होतं. त्याने पुन्हा उठून पाहिलं. या वेळी दुकानातले दिवेही गेले, आणि औषधांचा शिळा वास आला.

तो मुकाट्याने बसला.