सरव्यातली रूथ

"अहो, उठा! माझा सरवा आहे तो, गादी नव्हे!"

कॉस्तान्झो दचकून उठला. कापणी झालेल्या शेतात सावली बघून टेकलेला हा परगावचा चित्रकार नेमका कार्मोसिनाने सकाळपासून वेचलेल्या लोंब्यांवर बसला होता.

"मी रूथ शोधतोय," तो कपडे झटकत म्हणाला.

"ती बायबलात सापडेल. इथं मी आहे."

"तेच म्हणतो... तीही सरवाच वेचायची."

हसू दाबताना कार्मोसिनाची तारांबळ उडाली.

गावच्या चर्चसाठी चित्र काढायचं होतं – परक्या शेतात सरवा वेचणारी विधवा रूथ आणि तिच्याशी लग्न करणारा शेतमालक बवाज. कार्मोसिना रोज दुपारी रूथ होऊन उभी राहू लागली. कॉस्तान्झो रंगवायचा थोडं, बघायचा जास्त. त्याच्या अंगठ्याच्या वाकड्या नखावरून ती त्याला चिडवायची.

पण चित्राचा खर्च डॉन प्रोस्पेरोचा. गावचा धनाढ्य, साठी उलटलेला विधुर. त्याने फर्मावलं, "बवाज मीच!" वेदीवरच्या चित्रात जोडीने उभं राहिलं की गावाच्या लेखी सोयरीक पक्की. आईने तर लग्नासाठी जपलेली चादर उन्हात घातली. कार्मोसिनाच्या तोंडचं पाणी पळालं.

"काहीतरी करा ना," ती कॉस्तान्झोपुढे रडवेली झाली.

"माझ्यावर भरवसा आहे?"

"लोंब्यांवर बसणाऱ्यावर?" पण तिने मान डोलावली.

कापणीच्या सणाला चित्रावरचा पडदा सरला. तिने डोळे गच्च मिटले... आणि डॉन प्रोस्पेरोचाच खुशीतला आवाज आला.

"बघा, बघा! देवदूताच्या अगदी पंखाखाली!"

तिने डोळे उघडले. म्हातारा चित्राच्या कोपऱ्यात होता. मखमली झगा, टेकलेले गुडघे, जोडलेले हात – चित्रांत देणगीदाराला दाखवतात तसा. तिचा जीव भांड्यात पडला.

"कसं जमवलंत?" तिने हळूच विचारलं.

"म्हटलं, बवाज झालात तर धसकटांत उभं राहावं लागेल. देवदूतापाशी जागा रिकामी आहे... हरखलाच!"

मग बवाज कोण? तोंड टोपीच्या सावलीत होतं. पण रूथच्या ओटीत गहू ओतणाऱ्या हाताच्या अंगठ्याचं नख वाकडं होतं.

कार्मोसिना लाजली, मग खुदकन हसली.

"गावाने ओळखलं तर?" तो चाचरला. "मग मला इथंच राहावं लागेल..."

"मी ओळखलंय. राहा," ती म्हणाली. "फक्त बसताना खाली बघत जा."